भुरी, गव्हावरील : जनुकीय आंतरक्रिया

गव्हाच्या पानांवर पिठासारखी पांढरी भुकटी धरणारा बुरशीजन्य रोग. कारक : ब्लूमेरिया ग्रॅमिनिस, गव्हावरील उपप्रकार ट्रिटिसाय. बोटाने पुसली तर भुकटी निघते, पण खालचे पान पिवळे पडलेले असते. सोलापूर जिल्ह्यात भुरी म्हटले की द्राक्ष आणि बोरच आठवते. त्या भुऱ्या वेगळ्या बुरशांच्या, गव्हाला न लागणाऱ्या. गव्हावरील भुरीला थंड, दमट हवा मानवते. इथल्या कोरड्या रब्बीत गव्हाला धास्ती तांबेऱ्याचीच.

ही बुरशी जिवंत पेशीवरच जगते. पानावर रुजलेला बीजाणू बाह्यत्वचेच्या पेशीत शोषकांग घुसवतो आणि प्रथिने सोडून तिचे संरक्षण मंदावतो. गव्हाच्या ‘पीएम’ (भुरीच्या ‘पावडरी मिल्ड्यू’ या इंग्रजी नावावरून; भुरीला प्रतिकार करणारे) जनुकाने त्यातले एखादे प्रथिन ओळखले, तर पेशी स्वतः मरते व बुरशीची उपासमार होते. पिकाच्या प्रत्येक प्रतिकार-जनुकाला रोगजंतूतले एक जनुक जुळते, ही ‘जनुकास जनुक’ मांडणी वनस्पतिरोगतज्ज्ञ फ्लोर यांनी जवसाच्या तांबेऱ्यावरून केली. भुरीत ती अपुरी पडते. पीएम३ बुरशीचे प्रथिन ओळखते, ती ओळख दडपणारे आणखी एक जनुक बुरशीत असल्याचे २०१५ मध्ये दाखवले गेले. राय धान्यातून आलेले पीएम८ तर गव्हाच्याच पीएम३मुळे दबते. त्यामुळे दडपणाऱ्या घटकासह केलेली मांडणी अधिक ग्राह्य वाटते.

सोलापूरच्या भागाला जवळचे जनुक पीएम४ए. ते खपली गव्हातून आले. मळणीनंतरही दाण्याला टरफल खपलीसारखे चिकटून राहते, त्यावरून हे नाव पडले असावे. दाणे ओलावून उखळात कांडले की टरफल सुटते. मग त्यांची हुग्गी होते. खपलीत २८ गुणसूत्रे, साध्या गव्हात ४२. साध्या गव्हाच्या चॅन्सेलर वाणाशी वारंवार प्रतिसंकर (संकराचा त्याच वाणाशी पुन्हा संकर) करून हे जनुक साध्या गव्हात उतरवले गेले, आणि भुरीचे वंश ओळखण्याच्या कसोटी-वाणांत ती ओळ ‘खपली’ याच नावाने राहिली. खोडावरील तांबेऱ्याचे वंश ओळखण्यासाठी स्टेकमन–लेव्हिन यांनी केलेल्या १९२२ च्या कसोटी-वाणांच्या संचातही खपली होती.

पीएम४ हे पीएम३सारखेच नेहमीच्या प्रतिकार-प्रथिनाचे जनुक असेल, असा कयास होता. २०२१ मध्ये त्याच स्थानावरील पीएम४बीची रचना उलगडली, तेव्हा ते कायनेजचे (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणाऱ्या विकराचे) जनुक निघाले. या एकाच जनुकापासून, त्याच्या संदेशाचे तुकडे वेगवेगळ्या प्रकारे जोडले गेल्याने, दोन प्रथिने बनतात आणि प्रतिकारास दोन्ही लागतात. पीएम४एवर मात करणारे भुरीचे वंश अनेक देशांत आढळले आहेत. म्हणून ते इतर पीएम जनुकांच्या जोडीने वापरणे इष्ट मानतात.