काळाची पावलं किती लांब टाकायची?

गाडी भिंतीवर आदळतानाचे संगणकीय व्हिडिओ पाहून अनेकांना वाटतं, गाडीचे छोटे तुकडे पाडणारी गणिती जाळी हवी तेवढी बारीक केली की झालं, संगणक आहेच. तसं का होत नाही, याचं कारण फार सुंदर आहे.

फायनाइट एलिमेंट पद्धतीत रचनेचे लाखो छोटे घटक पाडतात. ते जिथे जुळतात ते नोड. प्रत्येक नोडवरच्या बलाला वस्तुमानाने भागलं की त्वरण मिळतं. त्यावरून वेग, वेगावरून नवी जागा, नव्या जागेवरून नवं बल. मग काळाचं पुढचं पाऊल, म्हणजे वेळेचा पुढचा छोटा तुकडा.

या रीतीत एका पावलात नोडला फक्त शेजारच्या नोडची खबर लागते. म्हणजे धक्क्याची बातमी एका पावलात एकच घटक ओलांडते. खऱ्या पोलादात मात्र ती सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर वेगाने धावते. ५ मिलिमीटरचा घटक ती १ मायक्रोसेकंदात पार करते. आपलं पाऊल याहून लांब पडलं, तर खरी लहर पुढे निघून गेलेली असते आणि गणिताला तिचा पत्ताच नसतो. मग चूक पावलागणिक फुगते आणि आकडे उधळतात. या अटीचं मूळ कुरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी या गणितज्ञांनी १९२८ मध्येच मांडलं, इलेक्ट्रॉनिक संगणक जन्मायच्या आधी!

टक्कर १०० मिलिसेकंदांची धरली, तरी १ लाख पावलं झाली. घटकाची बाजू निम्मी केली की त्रिमितीत घटक ८ पट, पावलं दुप्पट, काम १६ पट. शिवाय जाळीत कुठेतरी एकच चिमुकला घटक राहून गेला, तरी सगळ्या गाडीला त्याच्याच पावलाने चालावं लागतं.

भूकंपाचा हादरा कित्येक सेकंद चालतो. तिथे ही चाल परवडत नाही. अभियंते न्यूमार्क यांच्या १९५९ च्या पद्धतीत पावलाच्या दोन्ही टोकांच्या त्वरणांची सरासरी घेता येते. शेवटचं त्वरण अजून अज्ञात असल्यामुळे सगळ्या नोडची समीकरणं एकदम सोडवावी लागतात, आणि बातमी एकाच पावलात इमारतभर पोचते. रेषीय रचनेत, म्हणजे जी बलाच्या प्रमाणातच वाकते तिच्यात, पाऊल कितीही लांब टाका, गणित उधळत नाही.

धोका इथेच आहे. न उधळलेलं उत्तर बरोबर असतंच असं नाही, आणि 'सॉफ्टवेअरने दाखवलं' म्हणून रंगीत चित्रापुढे हात जोडणं ही अंधश्रद्धाच. पाऊल आवर्तकाळाच्या (रचनेच्या एका पूर्ण झोक्याला लागणाऱ्या वेळेच्या) दहाव्या भागाएवढं घेतलं, तर या सरासरीच्या रीतीने आवर्तकाळ सुमारे ३ टक्के जास्त येतो. पाऊल निम्मं करून गणित पुन्हा चालवलं की तीच चूक १ टक्क्याच्या आत येते.