भाताखालचा कडक थर

मुरबाड-शहापूरकडे भात कापला की त्याच खाचरात, उरलेल्या ओलीवर वाल किंवा हरभरा घेतात. कधी कधी हा वाल ऐन थंडीतच मान टाकतो. अशा वेळी एक रोप कुदळीने अलगद काढून पाहावं. सोटमूळ वीतभर उतरून आडवं वळलेलं असेल, तर औषध फवारण्याआधी जमिनीकडे वळायला हवं.

कारण चिखलणीत, म्हणजे लावणीआधी पाणी भरलेल्या खाचरातली माती कालवण्यात आहे. वरचा चिखल मऊ होतो, पण त्याखालची माती दरवर्षी खुरांनी आणि पॉवर टिलरच्या चाकांनी दाबली जाते. साधारण 15 ते 25 सेंटिमीटर खोलीवर कडक थर बसतो. भाताला तो उपयोगीच, त्याच्यामुळे खाचरात पाणी थांबतं. वालाला मात्र त्याच्याखालची ओल गाठायची असते.

हा थर पेनिट्रोमीटरने मोजतात: टोकाला शंकू असलेली सळई आणि ती घुसवायला किती जोर लागला हे दाखवणारी तबकडी. आकडा 2 मेगापास्कलपुढे, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे 20 किलोपुढे गेला, की बहुतेक पिकांची मुळं जवळजवळ थांबतात. पण वेळ चुकली तर हाच आकडा फसवतो. एप्रिलमध्ये चांगली जमीनही दगडासारखी लागते आणि जुलैच्या चिखलात कडक थरही नरम वाटतो. मोजायचं ते वाफशावरच, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, नुसती ओलसर असताना. आपल्या शेतकऱ्यांच्या या एका शब्दात मोजणीची निम्मी शिस्त आहे! यंत्र नसेल तर लोखंडी सळई घ्या. एकाच माणसाने, सारख्या जोराने ती दहा-बारा ठिकाणी दाबावी, कुठे अडते ती खोली लिहावी. बांधालगतच्या न तुडवलेल्या जागीही दाबावी, म्हणजे फरक कळतो.

मूळ अडतं ते फक्त ताकद कमी पडते म्हणून, असं बरीच वर्षं मानलं जायचं. 2021 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने वेगळी गोष्ट दाखवली. मुळं इथिलीन सोडतात. केळी पिकवणारा वायू तोच. भुसभुशीत मातीत तो पोकळ्यांतून निघून जातो. दाबलेल्या मातीत पोकळ्या फार कमी उरतात, वायू मुळाच्या टोकाशी साठतो आणि मूळ वाढ आवरतं. ज्या भातरोपांना इथिलीन जाणवतच नव्हतं, त्यांची मुळं दाबलेल्या मातीतही शिरली. म्हणजे मूळ मातीतली हवा चाचपत असतं. मला यातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

खोल नांगरटीने थर फुटतो, पण पुढच्या चिखलणीत पुन्हा बसतो. त्यापेक्षा मुळांकडूनच काम करून घेणं टिकाऊ. बांधावर लावतो ती तूर कधी खाचरातल्या उंच, निचऱ्याच्या कडेला लावून पाहावी. तिची मुळं कुजली की मागे नळ्या राहतात आणि पुढच्या पिकाला वाट मिळते. शेजारच्या नेरळला विकसित झालेल्या सगुणा भात तंत्रात तर चिखलणीच नाही. गादीवाफ्यावर भात टोकतात आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवतात.

यंदा सळई जिथे अडली, त्या जागेची बांधावर खूण करून ठेवा. पुढच्या वर्षी भात कापल्यावर, वाफसा असतानाच, तिथेच पुन्हा दाबून पाहा.