चमत्कारिक ठरलेल्या मोटारी आणि आजच्या साध्या गाडीची घडण

सोलापुरात होटगी रस्त्यावर किंवा जुन्या पुणे नाक्याजवळ एखाद्या गॅरेजात लहान मोटारीचे बॉनेट उघडलेले दिसले, तर थोडे वाकून आत पाहावे. इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने नसते, ते आडवे बसवलेले असते. त्याच्याच एका टोकाला गिअरबॉक्स जोडलेला असतो आणि तेथून दोन शाफ्ट, बहुधा एक आखूड आणि एक लांब, थेट पुढच्या चाकांकडे जातात. गाडीखाली वेगळी चेसिसही नसते, पत्र्याची काया हाच सांगाडा असतो. ही मांडणी आज इतकी सर्रास आहे की तिच्याकडे कोणी मुद्दाम पाहत नाही. पण तिच्यातली प्रत्येक गोष्ट प्रथम आली तेव्हा विचित्र समजली गेली होती, आणि एका उदाहरणात तर तिने आपल्या निर्मात्यालाच बुडवले.

काया आणि चेसिस एक करण्याचा धाडसी प्रयोग १९२२ साली इटलीच्या लान्सियाने ‘लँब्डा’ या गाडीत केला. मोठ्या प्रमाणावर तो नेला आंद्रे सित्रोएन यांनी. १९३४ साली त्यांनी बाजारात आणलेल्या ‘त्राक्सिओं आव्हां’ या गाडीत चेसिसविरहित काया, पुढच्या चाकांना ताकद आणि हायड्रॉलिक ब्रेक या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. नव्या गाडीचा आणि कारखान्याच्या नव्या उभारणीचा खर्च एकाच वेळी अंगावर आल्याने त्याच वर्षअखेरीस कंपनी दिवाळखोरीत गेली, टायर बनवणाऱ्या मिशेलिन कंपनीने ती ताब्यात घेतली आणि १९३५ च्या जुलैत सित्रोएन यांचे निधन झाले. ती गाडी मात्र १९५७ पर्यंत बनत राहिली. अमेरिकेत क्रायस्लरची ‘एअरफ्लो’ही १९३४ चीच. वाऱ्याच्या बोगद्यात चाचण्या घेऊन तिला घाट दिलेला होता, पण गिऱ्हाइकांना तिचा चेहराच पसंत पडला नाही आणि १९३७ नंतर ती बंद झाली.

इंजिन आडवे होण्यामागे इंधनाची टंचाई होती. १९५६ च्या सुएझ संकटात ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग आले, आणि अभियंते अलेक इसिगोनिस यांच्यावर चार माणसे नीट बसतील अशी अगदी लहान गाडी बनवण्याचे काम सोपवले गेले. १९५९ ची ‘मिनी’ जेमतेम ३.०५ मीटर लांब होती. जागा वाचवण्यासाठी इसिगोनिस यांनी इंजिन आडवे केले, चाके १० इंची घेतली आणि गिअरबॉक्स इंजिनच्या खाली, तेलाच्या चेंबरमध्येच बसवला, त्यामुळे दोघांना तेल एकच. पहिल्या गाड्यांत पावसाचे पाणी आत शिरत असे आणि पुढच्या जाळीमागेच असलेला डिस्ट्रिब्युटर, म्हणजे स्पार्क प्लगांना वीज वाटून देणारा भाग, भिजून गाडी बंद पडत असे. एवढ्या दोषांनंतरही मूळ कल्पना टिकली, यातच तिचे मोल कळते.

आजच्या गाडीतली मांडणी मात्र तंतोतंत मिनीची नाही. गिअरबॉक्स इंजिनखाली न ठेवता त्याच्या टोकाला लावण्याची युक्ती फियाटचे अभियंते दान्ते जियाकोसा यांची. फियाटने धोका स्वतःच्या नावावर न घेता १९६४ साली ‘ऑटोबियांकी प्रिमुला’ या दुसऱ्या छापाच्या गाडीत ती अजमावून पाहिली आणि १९६९ साली ‘फियाट १२८’ मध्ये उचलली. माझ्या मते मोटारीच्या इतिहासातले हे सर्वांत कमी गौरवले गेलेले काम आहे.

याच जियाकोसांचा धागा सोलापूरशी येऊन मिळतो. उद्योगपती वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. अशोक चौक परिसरातील अभियांत्रिकी संस्था आज त्यांचे नाव सांगते. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लर कंपनीच्या डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या गेल्या आणि पुढे फियाटशी करार झाला. ज्या ‘फियाट ११००’ ला आपल्याकडे लोक लाडाने डुक्कर फियाट म्हणत, ती जियाकोसांच्या देखरेखीखाली घडलेली होती, आणि तिचे १,०८९ सीसीचे इंजिन १९३७ च्या त्यांच्याच रचनेतून आलेले होते. तेच इंजिन पुढे ‘पद्मिनी’त राहिले. इटलीत जियाकोसा आडव्या इंजिनाकडे गेले, तेव्हा परवान्यांच्या चौकटीत अडकलेला आपला कारखाना त्यांच्या आधीच्याच गाडीपाशी थांबला. आडव्या इंजिनाची आणि पुढच्या चाकांवर चालणारी गाडी सर्वसामान्यांच्या दारात आली ती डिसेंबर १९८३ नंतर, मारुतीसोबत.

कल्पकता आपल्याकडे नव्हती असे मात्र मुळीच नाही. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ नावाची छोटी गाडी स्वतःच्या हिमतीवर घडवली आणि वर्षानुवर्षे सुधारली. तिला उत्पादनाची वाट कधीच मोकळी झाली नाही. २००८ साली दाखवलेल्या ‘नॅनो’त दोन सिलिंडरांचे इंजिन मागे, प्रत्येक चाकाला तीनच नट आणि काचेला एकच वायपर होता. अभियांत्रिकी म्हणून ही काटकसर विलक्षण होती, पण ‘सर्वांत स्वस्त’ ही ओळख गिऱ्हाइकाला नको होती, आणि २०१८ मध्ये उत्पादन थांबले.

काही कल्पना चांगल्या असूनही धातूपाशी अडल्या. जर्मनीच्या एनएसयू कंपनीच्या १९६७ च्या ‘आरओ ८०’ या गाडीत पिस्टनऐवजी फिरणारा रोटर होता. त्याच्या टोकांवरची सील लवकर झिजत, इंजिने वॉरंटीत बदलून द्यावी लागत, आणि १९६९ साली एनएसयू फोक्सवॅगन समूहात विलीन झाली. माझदाने तोच रोटर चिकाटीने सुधारत नेला आणि १९९१ साली फ्रान्समधली ल मांची २४ तासांची मोटार शर्यत जिंकली.

विजेच्या मोटारीची कथा सर्वांत जुनी आहे. ताशी १०० किलोमीटरचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला तो २९ एप्रिल १८९९ रोजी, पॅरिसजवळ, कामी जेनात्झी यांच्या विजेवरच्या गाडीने. नोंद झाली १०५.८८ किलोमीटरची. पुढच्याच वर्षी तरुण फर्डिनांड पोर्शे यांनी चाकाच्या तुंब्यातच मोटर बसवलेली गाडी पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली. शिशाच्या जड बॅटऱ्यांमुळे ती मागे पडली. सोलापुरात आज धावणाऱ्या विजेच्या अनेक दुचाकींची मोटर मागच्या चाकातच असते, ती याच जातीची. मोटारींत मात्र ही रचना अजून रुळलेली नाही, कारण मोटर चाकात गेली की चाकाचे वजन वाढते आणि खड्ड्याचा दणका सस्पेन्शनला आवरेनासा होतो.