मोका पॉट घेतलाय ना, मग हे एकदा वाचाच

नमस्कार, आमच्याकडनं मोका पॉट, म्हणजे गॅसवर कॉफी करायचं इटालियन भांडं, घेतलात, मनापासून थँक्यू. आधी एक सांगतो कारण फोन जास्त याच्यासाठीच येतात, खोक्यावर तीन कप लिहिलंय ते इटलीतले कप, आपल्या कटिंगपेक्षाही लहान.

खाली पाणी भरताना व्हॉल्व्हच्या वर जाऊ देऊ नका, पावडर चाळणीत भरा पण दाबू नका, गॅस बारीक, खळखळ आवाज आला की लगेच उतरवा नाहीतर कडू होते. आणि ओतायच्या आधी वरच्या भांड्यातच चमच्याने हलवा, पहिली येते ती कडक असते आणि शेवटची पातळ, न हलवता ओतलीत तर एका पाहुण्याला कडक आणि दुसऱ्याला नुसतं पाणी.

हा पॉट आला १९३३ ला, आल्फोन्सो बियालेत्तीच्या कारखान्यातून. त्याआधी इटलीतल्या नेपल्स शहरात घरोघरी पालथा घालायचा पॉट असायचा, पाणी उकळलं की अख्खा उलटा करायचा आणि कॉफी थेंब थेंब गळेपर्यंत तोटीवर कागदाची शंकूसारखी टोपी, वास उडून जाऊ नये म्हणून, किती जपायचं ते बघा! त्याच नेपल्समध्ये लोक स्वतः एक कॉफी पिऊन दोनचे पैसे देतात, दुसरी मागनं येणाऱ्या कुणा गरजूसाठी, त्याला काफे सोस्पेझो म्हणतात.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती दक्षिण इटलीतली कोन्सोलोची रीत. घरात कुणी गेलं की तिथं चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणतात, सोबत कॉफी आणि साखर. आपल्याकडे सुतकात शेजारनं पिठलं-भात येतो ना, अगदी तसंच.

इटलीच्या उत्तरेला आओस्ता खोऱ्यात मित्रमंडळी जमली की ग्रोला काढतात, बऱ्याच तोट्यांचं लाकडी भांडं, त्यात कॉफी, ग्राप्पा नावाची दारू, साखर, लिंबाची साल घालून वरनं पेटवतात, मग ज्याने त्याने आपल्या तोटीतनं प्यायचं आणि पुढे द्यायचं. रिकामं होईपर्यंत टेबलावर टेकवायचं नाही, टेकवलं की अपशकुन. मीठ किंवा तेल सांडलं तरी इटलीत अपशकुनच मानतात.

पॉट ॲल्युमिनियमचा आहे, साबण नको, नुसत्या गरम पाण्याने धुवून सुटा करून वाळवा. आतली रबरी रिंग कुकरच्या रिंगसारखीच कडक होते, मग बाजूने वाफ जाते, तेव्हा जुनी रिंग घेऊन दुकानात या, मापाची देतो.