दक्षिण आफ्रिकेची जंगलसफारी: व्हिसाचा अर्ज, मुलांचे दाखले आणि निघण्यापूर्वीची तयारी

मुलांना घेऊन दक्षिण आफ्रिकेला जाण्याचे ठरवलेल्या कुटुंबाने कागदपत्रांच्या कामाची सुरुवात मुलांच्या जन्मदाखल्यांपासून करावी. बँकेचा उतारा, रजेचे पत्र, हॉटेलचे आरक्षण ही सारी कामे आठ-दहा दिवसांत उरकता येतात. पण जन्मदाखल्यात एखादी चूक निघाली, तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीतून दुरुस्त दाखला मिळेपर्यंत कित्येक आठवडे जाऊ शकतात. तोवर विमानाचे स्वस्त तिकीट आणि क्रूगर राष्ट्रीय उद्यानातील निवासाची जागा दोन्ही हातची गेलेली असतात.

अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाच्या अर्जासोबत आई आणि वडील या दोघांचीही नावे असलेला जन्मदाखला द्यावा लागतो. लहान मुलांची अवैध वाहतूक रोखण्याच्या हेतूने दक्षिण आफ्रिकेने 2015 मध्ये हा नियम कडक केला. पुढे व्हिसामाफी असलेल्या देशांतील मुलांसाठी तो बराच सैल झाला, परंतु ज्यांना व्हिसा घ्यावाच लागतो त्यांना हे दाखले अर्जाच्या वेळीच सादर करावे लागतात. महाराष्ट्रातील दाखल्यांवर आईवडिलांची नावे असतातच, त्यामुळे मूळ अट सहज पुरी होते. अडचण येते ती तपशिलांत. पुष्कळ दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा कोरीच असते, कारण बारशाआधी नोंद झालेली असते आणि नंतर नाव घालून घेण्याचे राहून जाते. काही दाखल्यांवर आईचे माहेरचे किंवा घरात रूढ असलेले नाव असते आणि पासपोर्टवर सासरचे. तर काही जुने दाखले केवळ मराठीत असतात. कोऱ्या जागी नाव घालण्यासाठी जिथे जन्म झाला त्या ठिकाणच्या जन्म-मृत्यू निबंधकाकडे अर्ज करावा लागतो. आईच्या नावातील फरकासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडावे आणि गरज असल्यास दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे. मराठी दाखल्याचे अधिकृत अनुवादकाकडून इंग्रजी भाषांतर करून घ्यावे.

आईवडील दोघेही मुलासोबत जाणार असतील, तर जन्मदाखला पुरेसा असतो. एकच पालक जाणार असेल, तर दुसऱ्या पालकाचे संमतीचे प्रतिज्ञापत्र, त्याच्या पासपोर्टची किंवा ओळखपत्राची प्रत आणि संपर्काचा तपशील लागतो. दुसरा पालक हयात नसल्यास मृत्यूचा दाखला आणि घटस्फोट झालेला असल्यास मुलाच्या ताब्याविषयीचा न्यायालयाचा आदेश जोडावा. आजी-आजोबांनी नातवंडांना सुट्टीत फिरवून आणणे आपल्याकडे अगदी स्वाभाविक मानले जाते. येथे मात्र आई आणि वडील दोघांचीही लेखी संमती आवश्यक ठरते. संमतीच्या प्रतिज्ञापत्राचा ठरलेला नमुना दक्षिण आफ्रिकेच्या गृहखात्याने दिलेला आहे. तो भरून नोटरीसमोर सही करावी आणि त्यात प्रवासाच्या नेमक्या तारखा लिहाव्यात. व्हिसा मिळाल्यानंतरही या सगळ्याच्या प्रती हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. मुंबईच्या विमानतळावर चेक-इन करतानाही त्या मागितल्या जाऊ शकतात, आणि तेव्हा त्या मोठ्या बॅगेत बंद असून चालत नाही.

व्हिसा कोणाला लागतो

भारताचा साधा पासपोर्ट असलेल्या पर्यटकाने निघण्यापूर्वी परवानगी मिळवलेली असणे आवश्यक आहे. जोहान्सबर्गला उतरल्यावर व्हिसा मिळेल, या भरवशावर जाता येत नाही. पर्यटन किंवा नातेवाइकांची भेट यांसाठी अभ्यागत व्हिसा दिला जातो आणि त्यावरील मुक्काम जास्तीत जास्त 90 दिवसांचा असतो. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. अमेरिका किंवा ब्रिटनचा पासपोर्ट घेतलेल्या आपल्या मुलांना 90 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. पण त्यांच्यासोबत जाणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या आईवडिलांना तो लागतो. परदेशातून एकत्र सहल आखणाऱ्या घरांत हे शेवटच्या महिन्यात लक्षात येते, म्हणून येथे मुद्दाम नोंदवले आहे. आखाती देशांत नोकरी करणाऱ्या भारतीयांनी आपण जेथे कायदेशीर वास्तव्य करतो त्याच देशातून अर्ज करावा.

पासपोर्टची मुदत दक्षिण आफ्रिकेतून परत निघण्याच्या तारखेनंतर किमान 30 दिवस असावी. ही किमान अट झाली. वाटेत ज्या देशात विमान बदलायचे, त्याचा किंवा विमान कंपनीचा नियम अधिक कडक असू शकतो, त्यामुळे सहा महिन्यांहून कमी मुदत उरलेली असल्यास पासपोर्टचे नूतनीकरण आधी करून घेणे शहाणपणाचे आहे. त्यात किमान दोन कोरी पाने असावीत.

अर्ज आणि त्यासोबतची कागदपत्रे

अर्ज व्हीएफएस ग्लोबलच्या केंद्रात सादर होतो आणि निर्णय दक्षिण आफ्रिकेचे अधिकारी घेतात. केंद्राचे काम कागद स्वीकारून पुढे पाठवण्याचे आहे. तेथील कर्मचाऱ्याने संच पूर्ण असल्याचे सांगितले, म्हणजे व्हिसा मिळाला असे होत नाही. डीएचए-84 हा व्हिसाच्या अर्जाचा नमुना प्रत्येकाने, अगदी तान्ह्या बाळासाठीही, स्वतंत्र भरावा लागतो. तो काळ्या शाईने, एकही रकाना रिकामा न सोडता भरावा आणि जे लागू नाही तेथे तसे स्पष्ट लिहावे.

त्यासोबत पासपोर्ट आणि त्याची प्रत, अलीकडची छायाचित्रे, प्रवासाचा हेतू सांगणारे पत्र, दिवसवार कार्यक्रम, परतीच्या विमानाचे आरक्षण, मुक्कामाची आरक्षणे आणि तीन महिन्यांचे बँक स्टेटमेंट लागते. स्टेटमेंट बँकेच्या शिक्क्यासह घ्यावे. नोकरदारांनी रजा मंजूर झाल्याचे पत्र, पगाराच्या पावत्या आणि आयकर विवरणपत्र जोडावे. व्यावसायिकांनी जीएसटी नोंदणी किंवा शॉप ॲक्टचा परवाना, तर निवृत्तांनी पेन्शनचा कागद द्यावा. शेतीवर उत्पन्न असणाऱ्यांनी सातबारा आणि शेतमालाच्या विक्रीची रक्कम जमा झालेले खाते, इंग्रजी भाषांतरासह, पुरावा म्हणून जोडण्यास संकोच करू नये. नातेवाइकांकडे उतरणार असल्यास त्यांचे निमंत्रणपत्र, ओळखपत्राची अथवा निवास परवान्याची प्रत आणि पत्त्याचा पुरावा लागतो.

हे सारे कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत, आणि माझ्या मते अर्जाचे खरे बळ यातच आहे. रजा 12 तारखेपर्यंत आणि परतीचे विमान 14 तारखेला, कार्यक्रमात केपटाऊनचे चार दिवस पण हॉटेलचे आरक्षण दोनच रात्रींचे, किंवा अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात कोठून तरी आलेली मोठी रक्कम, अशा विसंगती तपासणाऱ्याच्या लगेच नजरेत भरतात. रक्कम खरोखरच मुदतठेव मोडून आली असेल, तर पत्रात एका वाक्यात तसे लिहावे आणि बँकेचा कागद जोडावा. खर्च मुलगा किंवा मुलगी करणार असेल, तर त्यांचे पत्र आणि त्यांचेही स्टेटमेंट द्यावे. आणखी एक गोष्ट: परत न होणारे तिकीट व्हिसा हाती येण्यापूर्वी काढू नये. अर्जासाठी आरक्षण पुरते.

निर्णयासाठी लागणारा वेळ हंगामानुसार बदलतो. उन्हाळी आणि दिवाळीच्या सुट्टीत अर्जांची गर्दी होते, तेव्हा किमान सहा आठवडे हाताशी असावेत. सहल कंपनीबरोबर जाणाऱ्यांसाठी दक्षिण आफ्रिकेने 2025 पासून भारत आणि चीनमधील निवडक, नोंदणीकृत सहल कंपन्यांची योजना सुरू केली असून त्यांच्या गटांचे अर्ज सुटसुटीत पद्धतीने हाताळले जातात. आपली कंपनी त्या यादीत आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. त्याच वर्षापासून तेथील गृहखाते इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगीची पद्धतही टप्प्याटप्प्याने आणत आहे, म्हणून अर्ज भरायला घेण्याच्या दिवशी गृहखात्याचे संकेतस्थळ अवश्य पाहावे.

अर्ज नामंजूर झाल्यास कारण लेखी कळवले जाते आणि 10 कामकाजाच्या दिवसांत दाद मागता येते. कारण एखाद्या कागदाच्या उणिवेचे असेल, तर ती उणीव भरून नव्याने अर्ज करणे बहुतेक वेळा सोयीचे पडते.

एकदा प्रवेश की अनेकदा

क्रूगरला लागूनच मोझांबिक आहे, एस्वातिनी फार दूर नाही, लेसोथो तर चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला आहे, आणि व्हिक्टोरिया धबधबा पाहण्यासाठी झिम्बाब्वे किंवा झांबियाला जाऊन जोहान्सबर्गमार्गे परतणारे अनेक असतात. दक्षिण आफ्रिकेबाहेर पाऊल टाकून पुन्हा आत यायचे असेल, तर अर्जातच एकाहून अधिक प्रवेशांची मागणी करावी आणि कार्यक्रमात तो टप्पा दाखवावा. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असलेला प्रवासी बाहेर पडला, की त्याचा तो व्हिसा संपतो. शेजारच्या देशाचा व्हिसा अर्थातच वेगळा घ्यावा लागतो.

पिवळा ताप, मलेरिया आणि वाटेतले विमानतळ

भारतातून थेट किंवा दुबई, दोहामार्गे जाणाऱ्याला पिवळ्या तापाच्या लशीची गरज नसते. ती लागते पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशातून येणाऱ्याला आणि अशा देशाच्या विमानतळावर 12 तासांहून अधिक थांबणाऱ्याला. केनिया आणि इथिओपिया हे दोन्ही अशा देशांत मोडतात, आणि मुंबईहून नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणारी विमाने पुष्कळ जण घेतात. थांबा चार तासांचा असला, तरी विमानाला उशीर झाल्यास 12 तास ओलांडले जाऊ शकतात. शिवाय भारताचा नियम स्वतंत्र आहे: धोक्याच्या देशातून प्रमाणपत्राविना परतणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा अधिकार आपल्या विमानतळावरील आरोग्य अधिकाऱ्यांना आहे. म्हणून या मार्गांनी जाणाऱ्यांनी, आणि सहलीला केनियातील मसाई मारा अभयारण्य जोडणाऱ्यांनी तर नक्कीच, लस घ्यावी असे मी सुचवेन. ती केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांतच मिळते, तेथे आधी वेळ घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र 10 दिवसांनंतर वैध होते. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर ग्राह्य धरली जाते. नऊ महिन्यांखालील बाळे, गर्भवती स्त्रिया, अंड्याची तीव्र ॲलर्जी असणारे आणि साठीपुढचे यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे.

मलेरियासाठी कोणताही दाखला लागत नाही, मात्र क्रूगरचा परिसर मलेरियाचा आहे आणि सप्टेंबर ते मे या काळात धोका अधिक असतो. प्रतिबंधक गोळ्या प्रवासाआधी सुरू करून परतल्यानंतरही काही दिवस घ्याव्या लागतात. लहान मुले किंवा गर्भवती स्त्री सोबत असल्यास पिलानेसबर्ग, मादिक्वे किंवा अड्डो अशा मलेरियामुक्त अभयारण्यांचा विचार करावा. सिंह, हत्ती आणि गेंडे तेथेही पाहायला मिळतात.

दुबईमार्गे जाणाऱ्यांनी सामानात खसखस ठेवू नये. संयुक्त अरब अमिरातीत ती बाळगण्यास बंदी आहे, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत अनारसे किंवा घरचा मसाला घेऊन निघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

उतरल्यावर

पासपोर्टवरील शिक्का आणि मुक्कामाची शेवटची तारीख पासपोर्ट तपासणीची खिडकी सोडण्यापूर्वीच वाचावी. व्हिसाची मुदत आणि मंजूर दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंजूर दिवसांपेक्षा 30 दिवसांपर्यंत अधिक राहिल्यास 12 महिने आणि त्याहून अधिक राहिल्यास पाच वर्षे प्रवेशबंदी होऊ शकते.

स्वतः गाडी चालवायची असल्यास वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, ही मोठी सोय आहे. छायाचित्र आणि सही असलेला इंग्रजी परवाना तेथे चालतो, तरी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना सोबत असावा, कारण गाडी भाड्याने देणाऱ्या कंपन्या तो मागतात. त्यासाठी परिवहन विभागाच्या सारथी संकेतस्थळावरून आपल्या आरटीओकडे अर्ज करता येतो. शुल्क 1000 रुपये आहे आणि परवाना एक वर्ष चालतो. गाडीची अनामत रक्कम सहसा चालकाच्याच नावावरील क्रेडिट कार्डावर अडकवली जाते, म्हणून कार्ड आणि परवाना एकाच व्यक्तीचे असावेत.

क्रूगर राष्ट्रीय उद्यान 1926 मध्ये स्थापन झाले आणि त्याचे क्षेत्रफळ वीस हजार चौरस किलोमीटरच्या जवळपास आहे. आतील मुक्काम सॅनपार्क्स या सरकारी संस्थेमार्फत बरेच महिने आधी आरक्षित करावा लागतो आणि रोजचे संवर्धन शुल्क वेगळे भरावे लागते. डांबरी रस्त्यावर ताशी 50 आणि मातीच्या रस्त्यावर 40 किलोमीटरची मर्यादा आहे, ठरवून दिलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरता येत नाही आणि ड्रोन उडवण्यास बंदी आहे. उद्यानाची आणि मुक्कामाच्या तळांची फाटके सूर्याच्या वेळांप्रमाणे उघडतात आणि बंद होतात. हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलैत, ती संध्याकाळी साडेपाचलाच लागतात. जोहान्सबर्गपासून दक्षिणेकडील फाटके चारशे किलोमीटरहून लांब आहेत. त्यामुळे विमान सकाळी उशिरा किंवा दुपारी उतरत असेल, तर पहिली रात्र जोहान्सबर्गला किंवा वाटेत म्बोम्बेलाला काढावी आणि त्या रात्रीचे आरक्षण व्हिसाच्या अर्जातील कार्यक्रमात पहिल्यापासूनच लिहावे.