तापानंतर तोंड येणे : लक्षण, गुंतागुंत की योगायोग?

विषाणूजन्य श्वसनविकारात तोंड आले तर त्याला त्या आजाराचे लक्षण म्हणावे, गुंतागुंत म्हणावी की केवळ योगायोग, हा वाद कोविडच्या साथीत पुन्हा पेटला. त्याचे मूळ मात्र 'तोंड येणे' या शब्दप्रयोगात आहे, कारण निरनिराळ्या कारणांनी होणारे व्रण त्यात एकत्र आले आहेत. ग्रीक वैद्यकात तोंडातील व्रणांसाठी वापरला जाणारा 'ॲफ्था' हा शब्दही तितकाच सैल होता. तान्ह्या मुलांच्या जिभेवरील बुरशीही त्यात मोडत असे.

१९३८ मध्ये लहान मुलांच्या हिरड्या सुजवून तोंडभर फोड आणणाऱ्या तापामागे हर्पिस सिम्प्लेक्स हा विषाणू असल्याचे दिसून आले. हा विषाणू एकदा शिरला की चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीत सुप्त राहतो आणि फ्लूसारख्या तापाने पुन्हा जागा होतो. म्हणजे फोड फ्लूच्या काळात येतात, पण ते फ्लूच्या विषाणूचे नसतात. नावांनी घोळ आणखी वाढवला. टाचणीच्या टोकाएवढे अनेक व्रण एकाच वेळी उठणाऱ्या एका प्रकाराला 'हर्पेटिफॉर्म' म्हटले जाते, पण त्याचा हर्पिसशी काहीही संबंध नाही. जागा पाहिली तर फरक बहुधा कळतो : टाळूच्या कडक भागावर किंवा हिरडीवर बारीक फोडांचा पुंजका असेल तर पुन्हा उसळलेल्या हर्पिसची शंका घ्यावी, ओठाच्या आतल्या मऊ भागावर पिवळसर तळाचा, लाल कडेचा एखादाच व्रण असेल तर तो साधा ॲफ्थस, म्हणजे हर्पिसशी संबंध नसलेला नेहमीचा व्रण.

२०२० पासून कोविडच्या रुग्णांत असे व्रण नोंदले जाऊ लागले. कोविडचा विषाणू पेशींवरील ज्या एसीई-२ या ग्राहक-प्रथिनाला (रिसेप्टरला) चिकटतो, ते जिभेच्या अस्तरात आढळले होते, आणि २०२१ मध्ये लाळग्रंथी व तोंडातील पेशींना प्रत्यक्ष संसर्ग होत असल्याचेही दाखवले गेले. तरीही व्रण याच विषाणूचे आहेत हे त्यातून सिद्ध होत नव्हते. श्वासनलिकेत घातलेल्या नळीचा दाब, स्टिरॉइड, कोरडे पडलेले तोंड आणि हर्पिसची उसळी ही कारणे एकाच रुग्णात एकत्र असत. शिवाय संसर्गाच्या भीतीने तोंड तपासणेच टाळले जाई, आणि ही उणीव पुरावा नसण्याइतकीच गंभीर मानायला हवी होती. जे पाहिलेच नाही, ते घडलेच नाही असे धरून काही ठिकाणी हा प्रश्न निकाली काढला गेला.

गुंतागुंत हा शब्द ठामपणे वापरता येईल अशी एक अवस्था मात्र आहे. मुले व तरुणांमध्ये खोकला-तापानंतर ओठ आणि तोंड सोलवटून निघते, डोळेही लाल होतात. त्वचेवर मात्र पुरळ फारसे नसते. २०१५ मध्ये या अवस्थेला दिलेले नाव मायकोप्लाझ्मा या जिवाणूशी बांधलेले होते, पण पुढे श्वसनमार्गाच्या विषाणूंमुळेही तेच चित्र दिसू लागल्याने अधिक व्यापक नाव स्वीकारण्यात आले. येथे व्रण शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या प्रतिक्रियेतून होतात असे मानले जाते, आणि पाणी गिळणेही अशक्य झालेल्या मुलाला शिरेतून द्रव द्यावे लागतात.