ऑरोरा दिसला म्हणजे चुंबकीय वादळ आलं का?

१० मे २०२४ च्या रात्री लडाखमधल्या हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी आकाशातली लाल झाक टिपली. तेव्हापासून ‘चुंबकीय वादळ’ आणि ‘ऑरोरा’ (ध्रुवांजवळच्या आकाशात दिसणारा रंगीत उजेड) हे शब्द बातम्यांत सर्रास एकाच अर्थाने येतात. नातं आहे, पण गोष्टी दोन आहेत.

नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला हिवाळ्यात आभाळ स्वच्छ असलं की कुठलंही वादळ नसतानाही हिरवा ऑरोरा दिसतो. सूर्याकडून सतत वाहणाऱ्या भारित कणांमुळे, म्हणजे सौरवाऱ्यामुळे, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची रात्रीकडची शेपटी ताणली जाते, कधीतरी ती झटक्यात सुटते आणि इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषांवरून ध्रुवीय भागात कोसळतात. १०० किलोमीटरच्या आसपास ऑक्सिजनला धडकले तर हिरवा उजेड, २०० च्या वर लाल. या झटक्याला उपवादळ म्हणतात. दोन-तीन तासांत सगळं शांत होतं. तिथल्या वेधशाळांतल्या चुंबकसुयांना जोरदार हिसके बसतात, मुंबईजवळच्या अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेला मात्र त्याचा फारसा पत्ता लागत नाही.

खऱ्या वादळाचं घर वेगळं आहे. सूर्यावरून सुटलेला भारित कणांचा ढग दक्षिणमुखी चुंबकीय क्षेत्र घेऊन आला आणि ते तासन् तास तसंच टिकलं, तर विषुववृत्ताच्या वर हजारो किलोमीटरांवर भारित कणांचं एक वलय बळावतं. त्यातला विद्युतप्रवाह पश्चिमेकडे वाहतो आणि जमिनीवरचं आडवं क्षेत्र (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा जमिनीला समांतर भाग) कमी करतो. घसरण काही तासांची, भरपाईला मात्र दिवस लागतात. मे २०२४ मध्ये ती सुमारे ४०० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) होती. अलिबागचं नेहमीचं आडवं क्षेत्र ३८ हजारांच्या घरातलं, म्हणजे फरक टक्काभराचा. खिशातल्या होकायंत्राला तो जाणवणारही नाही.

म्हणूनच हे वलय मोजायला ऑरोऱ्याखालची जागा उपयोगाची नाही, तिथे उपवादळांचा गोंगाट फार. त्यासाठी आपल्यासारखे कमी अक्षांश हवेत. १८५९ च्या प्रसिद्ध वादळात युरोपातल्या वेधशाळांच्या रेघा कागदाबाहेर गेल्या, पण मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत माणसं टांगलेल्या चुंबकाची वाचनं दर काही मिनिटांनी डोळ्यांनी घेत राहिली. त्यांनी नोंदवलेली घसरण सुमारे १६०० नॅनोटेस्लाची. त्या वादळाचा आकडा सांगायचा तर आजही जगाला कुलाब्याच्याच वह्या उघडाव्या लागतात, आणि मला याचा मनापासून अभिमान वाटतो. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय निरीक्षणं १९०४ मध्ये अलिबागला नेली, तीही मोजणीत गोंगाट शिरू नये या काळजीपोटी.

वादळ फारच मोठं असेल तर ऑरोऱ्याचं वर्तुळ ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे पसरतं आणि दोन्ही गोष्टी एकत्र भेटतात. ४ फेब्रुवारी १८७२ ला मुंबईतूनही ऑरोरा दिसल्याची नोंद आहे. पण उजेड दिसायला अंधार लागतो, सुईला लागत नाही. २ सप्टेंबर १८५९ ला कुलाब्याची सुई तळाला गेली, तेव्हा मुंबईत सकाळचे साधारण अकरा वाजले होते.